‘झालं’ म्हटल्यानंतरचे फोटो

मावशींचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक पांढरा पडदा, एक गोल स्टूल आणि दोन दिवे. पासपोर्टचे, परीक्षेचे, नोकरीच्या अर्जाचे असले फोटो काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. असल्या फोटोत हसायचं नसतं, मान कलती करायची नसते. थोडक्यात, माणसासारखं दिसायचंच नसतं. "हनुवटी खाली. तोंड मिटा. हलायचं नाही!" असं मावशींनी दरडावलं की भलेभले शाळेतल्या पोरासारखे ताठ बसायचे. मग बटण दाबून त्या म्हणायच्या, "झालं!"

इथेच त्यांची लबाडी होती. ‘झालं’ ऐकलं की समोरचा माणूस सैल पडतो. खांदे उतरतात, कुणी जांभई देतो, कुणी स्वतःशीच हसतो, कुणाला घरी गॅस चालू राहिल्याचं आठवतं. नेमकी ती वेळ साधून मावशी पुन्हा बटण दाबायच्या. तो फोटो गिऱ्हाइकाला फुकट मिळायचा. "हा अर्जाला चालायचा नाही, घरी ठेवा," असं म्हणून त्या पाकिटात सरकवायच्या आणि एक प्रत आपल्या खोक्यात टाकायच्या.

भाचीच्या हाती ते खोकं लागलं आणि तिने ते थेट एका गॅलरीत नेलं. गॅलरीवाल्या बाईंनी फोटो पाहिले आणि त्या चक्क खाली फरशीवर फतकल मारून बसल्या. प्रदर्शन भरवायचं म्हणाल्या.

"अर्जाला न चालणारे फोटो बघायला कोण येणार?" मावशींनी नाक मुरडलं. पण आतून त्या किती फुगल्या होत्या, ते भाचीला दिसत होतं. त्यांनी अट मात्र घातली, "ज्याचं तोंड, त्याला विचारल्याशिवाय एकही फोटो भिंतीला लागणार नाही."

मग त्या दारोदार हिंडल्या. बसच्या कंडक्टरने लगेच हो म्हटलं. न्हाव्याने आढेवेढे घेतले, टकलाचं काय म्हणाला, पण शेवटी तयार झाला. बँकेतल्या बाई तर शिंकताना टिपल्या गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लावा की! जरा मोठाच करून लावा."

उद्‌घाटनाच्या संध्याकाळी गॅलरीची भिंत नुसती बोलत होती. दाराएवढे मोठे चेहरे, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. सगळ्यांत पुढच्या भिंतीवर मावशींच्या थोरल्या बहिणीचा फोटो होता. चिठ्ठीवर एकच शब्द: ताई.

"यांनीही लगेच होकार दिला का?" गॅलरीवाल्या बाईंनी सहज विचारलं.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या गावाला विचारलं आणि ताईंना विचारायचंच राहिलं! घरच्या माणसाला कोण विचारत बसतं?

ताईंचे दात जरा पुढे. लहानपणी पोरांनी त्यावरून इतकं चिडवलं, की तेव्हापासून त्या तोंडावर हात धरूनच हसायच्या. स्वतःच्या लग्नाच्या फोटोंतही त्या अशा ओठ मिटून उभ्या होत्या, की नवरा पसंत नव्हता की काय असं वाटावं. हा फोटो त्या पासपोर्टसाठी आल्या तेव्हाचा. ‘झालं’ म्हटल्यावर त्यांनी खाली पाहिलं, तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला! आणि ताई मान मागे टाकून खदखदून हसल्या, दातांसकट. हा एकच फोटो मावशींनी ताईंच्या पाकिटात घातला नव्हता.

"खाली काढा तो!" मावशी म्हणाल्या.

"अहो, पाहुणे दारात आलेत!"

मावशींनी ऐकलं नाही. स्वतः स्टुलावर चढल्या, भाचीने खालून धरला आणि दोघींनी फोटो भिंतीकडे तोंड करून खाली टेकवला. चिठ्ठी काढायचं मात्र दोघींच्याही लक्षात आलं नाही.

ताई आल्या त्या ठेवणीतले कपडे घालून, बहिणीचं कौतुक डोळ्यांत मावत नव्हतं. कंडक्टर बघितला, न्हावी बघितला, शिंक बघून तोंडावर हात धरून हसल्या. मग पुढच्या भिंतीशी येऊन थबकल्या.

"ताई म्हणजे मीच ना गं? मग मी कुठे गेले?"

मावशींची नजर खाली टेकवलेल्या फोटोकडे गेली. ताईंचा चेहरा उतरला.

"दात दिसत असतील. म्हणून काढलास." त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्या गावाची तोंडं चालली, माझंच तेवढं चाललं नाही."

ताई रागावतील, आठ दिवस बोलणार नाहीत, हे सगळं मावशींनी गृहीत धरलं होतं. हे नव्हतं धरलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या खाली बसल्या आणि त्यांनी फोटो वळवला.

ताईंनी चष्मा लावला. जवळ गेल्या, मागे आल्या, पुन्हा जवळ गेल्या.

"दात आहेत खरे," ताई शेवटी म्हणाल्या. "पण बाई मोठी मजेत दिसतेय गं!"

मावशींचा जीव भांड्यात पडला. "तुला विचारायचंच राहिलं होतं, म्हणून काढला. टांगू?"

"टांगू काय विचारतेस? आता विचारत बसू नकोस!"

फोटो वर चढला. ताई त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा एक काढ, हिच्याबरोबर." मावशींनी कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीने त्या ‘तोंड मिटा’ म्हणणार, तेवढ्यात ताईंनी हात वर केला.

"‘झालं’ म्हणायची वाट बघू नकोस. मला ठाऊक आहे तुझी युक्ती." आणि हात पाठीमागे बांधून त्या हसल्या, भिंतीवरच्या फोटोत हसल्या होत्या तशाच.

मावशींचे डोळे भरून आले आणि फोटो हलला. तो हललेला फोटो आता स्टुडिओत लावलाय, स्टुलावर बसणाऱ्याला समोर दिसेल असा. त्यामुळे कामाचा मोठा खोळंबा होतो. जो बसतो तो ताईंकडे बघून हसतो, आणि "तोंड मिटा" म्हणून मावशींना पुन्हा पुन्हा दरडावावं लागतं.