रावेरची कॅचर, धुळ्याच्या पोरी

रावेरच्या एसटी स्टँडवर आबांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि दोरी स्वतःच बांधली. कंडक्टर म्हणत होता, "काका, तुम्ही उतरा, आम्ही बांधतो," पण आबा ऐकेनात. केळीच्या बागेत आयुष्य काढलेला माणूस, माल नीट रचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. उतरून आले, हात धोतराला पुसले आणि खिडकीखाली नुसते उभे राहिले. बोलायचं काम आईनं केलं. "जीव नाही लागला तं निंघून येजो," ती म्हणाली. गाडी हलली तेव्हा ती तेच पुन्हा एकदा म्हणाली, या वेळी मोठ्यानं, म्हणजे इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू यावं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत मला खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली होती. आमच्या गावातून नोकरीसाठी एकटी बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी. धुळं काही परदेश नव्हे, सकाळी निघालं की दुपारपर्यंत माणूस पोचतो. पण तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना, आणि ज्या माझ्यासारख्या निघालात त्यांनाही, एक सांगते. अंतर किलोमीटरवर नसतं. ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

त्याआधी सॉफ्टबॉलचं सांगायला हवं, कारण तो नसता तर मी बागेच्या बांधावरच राहिले असते.

जळगावला कॉलेजात होते तेव्हा तो मला भेटला. बेसबॉलचाच धाकटा भाऊ. चेंडू थोडा मोठा आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, तो खालून टाकते, बाकी बरंचसं तेच. चार बेस, म्हणजे पळत शिवायचे चार कोपरे, हातात चामड्याचा ग्लोव्ह, आणि मारला की जीव घेऊन पळायचं. संघात सगळ्यांना पिचर व्हायचं होतं. कॅचर व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण कॅचरला बॅटरच्या मागे उकिडवं बसून अंगावर येणारे चेंडू झेलावे लागतात. मी बसले. आमचे सर म्हणाले, "सगळ्यांची तोंडं तुझ्याकडे असतात. अख्खं मैदान समोर दिसतं ते फक्त कॅचरला." मला ते फार आवडलं. उजव्या हाताचं एक बोट मोडलं, ते आजही वाकडं आहे. पण मी जागा सोडली नाही. एकदा सरांनी कुठूनशी अमेरिकेतल्या बेसबॉलची व्हिडिओ कॅसेट मिळवली आणि भाड्यानं व्हीसीआर आणला. आम्ही सगळ्या जणी जमिनीवर बसून पाहत होतो. मी त्यातल्या कॅचरचे पाय तेवढे पाहिले, मागे-पुढे करकरून, टेप खराब होईल म्हणून मैत्रिणी ओरडेपर्यंत.

असं सगळं डोक्यात घेऊन मी धुळ्याच्या मैदानावर उभी राहिले, शिट्टी वाजवली आणि पहिलं वाक्य बोलले, "तठी उभ्या राह्या!"

पोरी हसू लागल्या. 'तिथे'ला त्यांच्याकडे 'तठे' म्हणतात. एका मात्रेचा फरक, पण तेवढ्यानं मी परकी ठरले. पुढे महिनाभर मैदानाच्या कोपऱ्यातून कुणीतरी हळूच "तठी, तठी" म्हणायचं. मी शुद्ध पुस्तकी मराठी बोलून पाहिलं, तर त्या आणखीच हसल्या. संध्याकाळी खोलीवर येऊन ट्रंकेवर बसायचे. कपाट नव्हतं म्हणून नव्हे. ट्रंक रिकामी करायचं मनच होत नव्हतं.

खोली अक्कांच्या घरात होती. अक्का म्हणजे घरमालकीण. नवरा वारलेला, मुलगा सुरतेला, अंगणात दोन शेळ्या. त्या अहिराणीशिवाय काही बोलत नसत आणि मी काही विचारलं की आधी मला जेवायला बसवत. एका संध्याकाळी त्यांनी दारातून ट्रंक पाहिली आणि म्हणाल्या, "हाई बठ्ठं बाहेर काढ. पाहुनी शेस का तू?" माझी वाट न बघता त्यांनी झाकण उघडलं, साड्या काढून दोरीवर टाकल्या आणि तळाशी ठेवलेला ग्लोव्ह हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "हाई काय शे?" मी सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं आणि मग उठून मी दुसऱ्या दिवशी काय करायचं ते ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंकडे जाऊन मी सॉफ्टबॉलचा संघ काढायचा म्हटलं. त्या म्हणाल्या, खो-खो आहे की. मी म्हटलं, खो-खोही राहील. त्यांनी पाण्याच्या टाकीमागची दगडाळ जागा दिली. पोरींना घेऊन मी दगड वेचले. गोणपाटाच्या पिशव्यांत रेती भरून बेस केले. ग्लोव्ह इतके थोडे, की एक बाजू बॅटिंगला गेली की ग्लोव्ह मैदानातच ठेवून जायची आणि दुसरी बाजू तेच उचलून घालायची. पहिल्या दिवशी ज्या पोरी माझ्या बोलण्याला हसल्या होत्या, त्यांतल्याच बऱ्याच आल्या. एकीनं चेंडू टाकीवरून पलीकडे मारला आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. "पळ!" मी ओरडले. ती पळाली. त्यानंतर 'तठी' कुणी म्हटलं नाही, किंवा म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

मग धुळ्यात केबल आली. अक्कांच्या मुलानं सुरतेहून टीव्ही पाठवला होता, आणि पहाटे एका चॅनेलवर अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मॅच दाखवत. मी मैदानावर जाण्याआधी चहा घेत पाहायचे. अक्का शेजारी ज्वारी निवडत बसायच्या. सुरुवातीला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हाऊ काबर पयस?" हा का पळतो. मी समजावायचे. काही महिन्यांत माझ्याआधी त्या टीव्ही लावू लागल्या. एका पोटसुटल्या कॅचरवर त्यांचा विशेष जीव होता. पंचानं निर्णय त्याच्या विरुद्ध दिला की त्या ज्वारीचं सूप आपटत पंचाला शिव्या द्यायच्या.

अक्कांच्या या आवडीचा मला कसा उपयोग झाला, ते मंगलमुळे कळलं. मंगल आठवीत होती. अंगानं लहान, बोलणं कमी. पण चेंडू अंगावर आला तरी डोळे मिटायची नाही. मला माझी कॅचर मिळाली होती. आणि एके दिवशी ती यायची बंद झाली. तिची आई बाजारात भाजी विकायची. मी तिच्या घरी गेले, अक्काही माझ्याबरोबर निघाल्या. मंगलच्या आईनं मला बसायला पोतं दिलं आणि सरळ विचारलं, "तोंडले लागनं ते लगीन कोन करी?"

तोंडाला लागलं तर पोरीशी लग्न कोण करील, ही त्यांची धास्ती. मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "तोंडवर जाळी ऱ्हास. मी सोता देखेल शे." आणि मग त्यांनी कॅचरचा मास्क, छातीवरची गादी, गुडघ्यावरची ढाल असं सगळं हातवारे करून सांगितलं, जणू त्या जन्मभर तेच घालून बसल्या होत्या. मंगलची आई हसली. दुसऱ्या दिवसापासून मंगल आली. तिच्या आईची अट एकच होती: जाळी काढायची नाही.

तिसऱ्या वर्षी आमचा संघ जळगावला विभागीय सामन्यांना जाण्याइतका तयार झाला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आबांचा निरोप आला. रावेरच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, शाळेच्या समितीतले गृहस्थ आबांच्या ओळखीचे होते, आणि त्यांनी सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी मला भेटायला बोलावलं होतं. आबा थेट जळगावला येणार, तिथूनच मला घेऊन जाणार; मुलींना परत न्यायला शाळेतल्या दुसऱ्या एक बाई बरोबर होत्याच.

खरं सांगते, मला आनंद झाला. याच निरोपाची मी तीन वर्षं वाट पाहत होते. आईच्या हातचं खाणं, आपली भाषा, बागेतला गारवा. अक्कांना सांगितलं तेव्हा त्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जाय माय. आपला गाव तो आपला गाव." मुलींना मी सांगितलं नाही. सामना झाल्यावर सांगू, असं ठरवलं.

सामना माझ्याच जुन्या सरांच्या संघाशी पडला; ते आता जळगावच्या एका शाळेच्या मुलींनाही शिकवत. आबा मैदानाच्या कडेला लिंबाखाली, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मला खेळताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. जळगावच्या मुली सराईत होत्या, आमच्या पोरी नुसत्या जिद्दीवर खेळत होत्या. तरी शेवटच्या इनिंगपर्यंत बरोबरी राहिली. मग त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे, म्हणजे मंगलपुढच्या शेवटच्या बेसकडे, सुटली. आमच्या पोरीनं चेंडू अचूक फेकला, मंगलनं तो घेतलासुद्धा, पण ती मुलगी घसरत तिच्या अंगावर आली आणि चेंडू ग्लोव्हमधून निसटला. पंचांनी दोन्ही हात बाजूला पसरले. सेफ. त्या एका रनावर आम्ही हरलो.

पलीकडे आरडाओरडा चालला होता. मंगल होम प्लेटपाशी तशीच बसून होती, मास्क चढवलेला. मी जाऊन तिच्याशेजारी मातीत बसले. जाळीआड तिचे गाल ओले दिसत होते. "काढ तो," मी म्हटलं. तिनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "मॅडम, उद्या प्रॅक्टिस कितला वाजता शे?"

उद्या मी रावेरला असणार होते. समितीच्या गृहस्थांपुढे, इस्त्रीची साडी नेसून. जिंकलो असतो तर मी गेले असते, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. हार-तुरे घेऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन, डोळे पुसत गेले असते. पण हरलेल्या संघाला, त्यातही माझ्या कॅचरला, मातीत बसवून मला निघता येईना.

"नेहमीच्याच वेळेला," मी म्हटलं. "आणि उद्या फक्त होम प्लेटवरचेच थ्रो घ्यायचेत. ऊठ."

आबा मागेच येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. पोरींना घेऊन आम्ही स्टँडवर आलो. रावेरची गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग? चढतं नं?"

"नाही आबा. मी नाही येत."

"हरल्या ना तुम्ही."

"म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आता तठलीच झाली," एवढंच म्हणाले आणि चढले. खिडकीत बसले, पण बाहेर पाहिलं नाही. गाडी गेल्यावर मी पोरींना मोजून धुळ्याच्या गाडीत बसवलं. वाटेत पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा पोरी गाणी म्हणत होत्या, मंगलसुद्धा. मी पुढच्या सीटवर बसून पदरानं डोळे पुसले आणि मग कॅचरच्या सरावाचा विचार करू लागले.

आबांचा राग वर्षभर टिकला. दिवाळीला गेले की केळीच्या भावाबद्दल बोलायचे, धुळ्याचं नाव काढायचे नाहीत. रावेरच्या जागेवर दुसरी बाई लागली. आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा हरलो, त्याच्या पुढच्या वर्षी मात्र जळगावला जळगावात हरवलं. सामना संपल्यावर माझे जुने सर चालत आमच्या बाजूला आले, मंगलला म्हणाले, "छान बसतेस," आणि माझ्याकडे पाहून हसले. मंगल पुढे राज्याच्या संघात गेली. आता ती माझ्याबरोबर धाकट्या मुलींना शिकवते, आणि मला न जमणाऱ्या गोष्टी तिला जमतात.

आबा धुळ्याला आले ते त्यानंतर, कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्तानं. मी मैदानावर होते. परत आले तर आबा आणि अक्का टीव्हीपुढे बसलेले. अक्का अहिराणीत समजावत होत्या, आबा आपल्या बोलीत भांडत होते, आणि दोघांचा वाद होता तो अमेरिकेतल्या कुठल्याशा पंचानं दिलेल्या निर्णयावर. मी दारात चपला काढत बराच वेळ उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मैदानावर आले, टाकीच्या कठड्यावर बसले. निघताना म्हणाले, "पोरी चांगल्या पयतात तुह्या." मला तेवढं पुरेसं होतं.

आता हे लिहिते तेव्हा निघून दहा वर्षं झाली. आई हसते, म्हणते तू 'तठे' म्हणायला लागलीस. असेन. तुम्ही विचारता, आता घर कुठलं? मागच्या उन्हाळ्यात आईच्या आजारपणात मी लांबलचक सुटी घेऊन रावेरला राहिले. गावात शिरले की जो तो प्रेमानं विचारायचा, "कधी आली? कधी जाशीन?" त्यात काही चूक नाही, लेकीला असंच विचारतात. आई बरी झाली आणि मी धुळ्याला परतले. रिक्षातून उतरते तोच अक्का कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. त्यांनी कधी आलीस विचारलं नाही, कधी जाणार विचारलं नाही. माझ्यावर डाफरल्याच,

"कोठे गयथी माय, इतला दिन?"