आधी द्रावक उडांदे

आमच्या शेजाऱ्यांच्या नाकाला घाई ठाऊक नाही. सुरंगीची फुलं द्रावकात भिजवून ते अर्क काढतात. अर्कात बुडवलेली कागदाची पट्टी आधी हवेत हलवतात, मगच हुंगतात. "द्रावक उडाक व्हयो, मगे खरो वास येता."

आता चहाचा कपही ते हलवूनच हुंगतात. अर्धा चहा अंगणात जातो.

परवा सून दवाखान्यातून आली. तिनं तान्ही नात त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिलाही पट्टीसारखं हलकेच हलवलं. "दवाखान्याचो वास उडांदे." मग डोळे मिटून टाळूपाशी नाक नेलं.

"काय बाबा, इलो खरो वास?" सुनेनं विचारलं.

"मुतला गो चेडू," ते म्हणाले, आणि भिजल्या सदऱ्यानिशी संध्याकाळपर्यंत नात कुणाला देईनात.