कलब्याची खाडी आणि रेहानाचा निकाल

सकाळी सात वाजता रोल्लातल्या आमच्या बिल्डिंगखालून गाडी काढली, तेव्हा मागच्या सीटवर पाण्याच्या सहा बाटल्या, थालीपिठांचा डबा, उलटीच्या गोळ्या, दोन टॉवेल आणि एक छत्री होती. शारजात मार्च महिन्यात छत्री कशाला, असं रेहानाने विचारलं. मला काळजी लागली की मी सामान वाढवते, हे ती एकोणीस वर्षं बघते आहे. चौथ्या मजल्यावर मी, पाचव्यावर ती.

गाडीत बसल्या बसल्या तिने स्वतःचा मोबाइल काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"वैशाली, आज हा तुझ्याकडे. मेसेज आला तर तूच वाच आणि मला सांग. माझ्याच्याने बघवत नाही."

तो कसला मेसेज, ते आधी सांगते. रेहाना रत्नागिरीकडची, इथे एका शाळेच्या लायब्ररीत आहे. नवरा हनीफभाई पाठीच्या दुखण्यापायी तीन वर्षांपूर्वी गावी परतला, मुलगी पुण्यात नर्सिंग शिकते आहे. इथे व्हिसा वाढवायचा तर छातीचा एक्स-रे काढावा लागतो, आणि या वेळी रेहानाच्या एक्स-रेत डाग दिसला. पुन्हा बोलावलं, क्षय तर नाही ना म्हणून थुंकी तपासायला घेतली, निकाल मोबाइलवर कळेल म्हणून सांगितलं. तिच्या शाळेच्या मंदूबने (सरकारी कामं करून देणाऱ्या माणसाने) काही आडपडदा ठेवला नाही. "फिट आया तो मबरूक, अनफिट आया तो खलास, टिकट निकालो."

त्याला बारा दिवस झाले होते. बारा दिवस ती शाळेतून येऊन भिंतीकडे बघत बसायची आणि मी तिच्याकडे. शेवटी मीच दोघींच्या रजा जुळवल्या आणि म्हटलं, चल, कलब्याला जाऊन येऊ.

खरं सांगायचं तर जीव माझाही टांगणीला लागला होता, आणि त्यात माझा स्वार्थ होता. माझा नवरा आठवडाभर अबू धाबीला, खलिफा सिटीत राहतो. मुलगा कॅनडात. त्याला फोन करावा तर "आई, चिल" एवढंच इंग्रजीत उत्तर मिळतं. रेहाना गेली असती तर संध्याकाळी चहाला माझ्यासमोर कोण बसणार होतं?

शारजा मागे पडलं की बराच वेळ लालसर वाळू लागते. मधूनच एखादं घाफचं झाड, त्याच्याखाली दोन-चार उंट. मग एकदम काळे कोरडे डोंगर सुरू होतात आणि रस्ता बोगद्यात शिरतो. बोगद्यात मोबाइलची रेंज गेली. मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने तिचा फोन काचेपाशी नेला.

"अगं, समोर बघ," रेहाना म्हणाली. "मेसेज बघायला आपल्या दोघींना शिल्लक तर राहू दे."

डोंगर उतरल्यावर समुद्र दिसला. कलबा हे अगदी टोकाचं गाव. बसकी घरं, खजुरीची झाडं, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, आणि गावाच्या दक्षिणेला खोर (खाडी). या देशात नदी नाही, पण खाडीचं पाणी दाट हिरव्या खारफुटीच्या झाडांमधून असं वळत गेलंय की नदीच वाटावी. काठावर उतरून रेहानाने चिखलाचा वास घेतला आणि तिथेच थांबली.

"आमच्या खाडीचा वास आहे गो," ती म्हणाली. "अगदी तोच."

मी म्हटलं, चिखलाचा वास सगळीकडे सारखाच.

तिथे भाड्याने वल्ह्यांच्या होड्या मिळतात. होडीवाला पेशावरचा, पांढऱ्या दाढीचा चाचा होता. मी त्याला पाणी किती खोल, होडी उलटली तर काय, साप असतात का, असं सगळं विचारून घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "बहनजी, कमर तक पानी है. गिर गए तो खड़े हो जाना." मग आम्हाला केशरी जॅकेटं चढवली, मी दोन्ही मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवले, आणि आम्ही निघालो. चाचा त्याच्या होडीत पुढे.

पहिली दहा मिनिटं आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. रेहाना डावीकडे मारायची, मीही डावीकडे. मग जमलं. झाडांच्या मुळ्यांवर खेकडे चढत होते, एक बगळा आमच्याकडे बघून जराही हलला नाही. पाणी इतकं नितळ की खालची वाळू दिसत होती. मी बारा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला असेन.

तेवढ्यात गळ्यातल्या पिशवीत रेहानाचा फोन वाजला.

माझं वल्हं हातातून सुटलं. पिशवी ओली, उघडता उघडेना. बाहेरूनच वाचलं. ओमानमध्ये आपलं स्वागत आहे, म्हणे.

"काय आलं? फिट?"

"ओमान आलं."

रेहानाचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी देशाबाहेर गेले? वैशाली, माझा पासपोर्ट मंदूबकडे आहे! व्हिसा अर्धवट आहे! मागे फिरव, मागे फिरव!"

मीही काय शहाणी. मी तिला समजवायला हवं होतं, पण मी दोन्ही हातांनीच पाणी मारायला लागले. होडी आडवी होऊन झाडात घुसली. चाचा आमचं वाहून गेलेलं वल्हं घेऊन परत आला. काय झालं ते कळल्यावर त्याने लांबच्या डोंगराकडे बोट केलं. "ओमान उधर है. यहाँ सिर्फ टावर का सिग्नल आता है. सबको आता है, बहनजी. मैं तो रोज दस बार ओमान जाता हूँ."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. रेहानाला तर हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. "गेले असते तर बरंच झालं असतं," ती डोळे पुसत म्हणाली. मी ते हसण्यावारी नेलं.

दुपारी किनाऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात कोळशावर भाजलेली शेरी मासळी आणि भात खाल्ला. वाढणारा केरळचा होता, त्याने लिंबं जास्त आणून दिली. रेहानाने नेहमीप्रमाणे मीठ कमी, मसाला कमी अशी नावं ठेवली आणि काटे तेवढे शिल्लक ठेवले. मी मात्र चारच घास खाल्ले. फोन अजून ओमानलाच चिकटून होता. त्यात काही अडकलं असेल तर, एवढंच डोक्यात.

परतीच्या वाटेवर गावाबाहेर करकची (कडक दुधाचा, वेलची घातलेला चहा) टपरी लागली. इथे गाडीतून उतरायचं नसतं. हॉर्न दिला की माणूस काचेपाशी येतो. दोन करक सांगितले आणि त्याच वेळी फोन एकदाचा ओमानहून परत आला. एकामागून एक मेसेज पडायला लागले. तिसरा होता तोच. वर अरबी, खाली इंग्रजी. त्यातला 'फिट' हा शब्द मी तीनदा वाचला, त्याच्या आधी काही चिकटलेलं नाही ना हे बोट ठेवून तपासलं.

"फिट!" मी ओरडलेच. टपरीवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला. मी रेहानाच्या गळ्यात पडले, तिचा फोन तिच्या हातात कोंबला, डोळे पुसले, टपरीवाल्यालाही सांगून टाकलं. तोही "मबरूक" म्हणाला.

रेहानाने मेसेज वाचला. "बरं झालं," ती म्हणाली आणि चहा प्यायली.

बोगदा संपून लाल वाळू लागली. मी बडबडतच होते, येत्या शनिवारी काय करायचं, ईदला काय करायचं. मग ती म्हणाली, "वैशाली, रागवू नकोस. मला अनफिट यायला हवं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"अनफिट आलं असतं तर कुणाला काही सांगावं लागलं नसतं. सरकारनेच पाठवली म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतलं असतं. आता स्वतःहून येते म्हटलं तर? पोरीचं शेवटचं वर्ष, यांची पाठ. सगळे म्हणतात, रेहाना आहे ना तिकडे. मी कपाटात पुस्तकं लावते आणि मनात तिकडची पडवी झाडते. तीन वर्षं झाली."

मला राग आला. चांगलाच आला. बारा दिवस मी देव पाण्यात ठेवून बसले होते आणि ही बया मनातून उलटंच मागत होती. तसं मी बोललेसुद्धा. ती ऐकून घेत राहिली. मग मला सकाळचा तो चिखल आठवला आणि मी काय उत्तर दिलं होतं तेही. मला माझीच लाज वाटली.

"मग सांग घरी," मी म्हटलं. हे म्हणायला मला किती जड गेलं, ते मलाच ठाऊक.

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस तेच."

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. पलीकडून हनीफभाईंचा आवाज आला. "काय गो, आला काय निकाल?"

"आला. फिट."

"अल्हम्दुलिल्ला. सुटलीस."

"ऐका ना. मी येतंय."

"सुट्टी मिळाली?"

"सुट्टीवर नाय. कायमची."

रेहानाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता पोरीचं शिक्षण निघणार, औषधं निघणार. मी तिच्या बाजूने बोलायची तयारीही करून ठेवली.

"कधी?" हनीफभाई म्हणाले. त्या माणसाने तीन वर्षं हा शब्द तोंडात धरून ठेवला असणार. मला बोलायची गरजच पडली नाही.

"जुलैत. शाळेला सुट्टी लागली की," रेहाना म्हणाली आणि रडायला लागली.

कलबा बघण्यासारखं आहे, जरूर जाऊन या, एवढं मी आता कुणालाही सांगते. त्या दिवशी मात्र मी समोरच्या रस्त्याकडे बघत एप्रिल, मे, जून मनात मोजले आणि गाडी हळू केली. मागचा ट्रकवाला हॉर्न द्यायला लागला. मी त्याला पुढे जाऊ दिलं.