राणीचा मंगळ

माझ्या कादंबऱ्यांचं फार कौतुक करता ना, मग आज एकदा सांगूनच टाकतो. ऐकलंत की हातातला चहा तसाच ठेवून उठाल. वर्धा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता, तेव्हाची गोष्ट.

दिवसा शाळेत इतिहास शिकवायचो आणि उरलेला वेळ माझ्या कादंबरीतल्या राणीकडे असायचो. घरात असून घरच्यांच्या वाट्याला यायचो नाही. ही राणी ऐन तारुण्यात विधवा होणार होती. मग ते आधीपासून तिच्या नशिबात नको का? म्हणून वडनेरच्या जोशीबुवांकडून तिची रीतसर पत्रिका मांडून घेतली. आठव्या घरात कडक मंगळ. जन्मालाच न आलेल्या बाईची पत्रिका! काय मिरवलं होतं मी ते.

त्याच सुमारास आमच्या कुसुमला देवळीचं स्थळ आलं. मुलगा मास्तर. एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलेलं, पसंतीही झालेली. पोरगी घरात गुणगुणायला लागली होती. राहिली होती फक्त पत्रिका. जुनी फाटायला आलेली, म्हणून बायकोने मला स्वच्छ अक्षरात नक्कल करायला बसवलं. माझा सातवा अध्याय रंगात आला होता. लिहिता लिहिताच नक्कल उतरवली आणि धाडून दिली.

आठ दिवसांत नकार. मुलीला वैधव्याचा योग आहे म्हणे. असा भडकलो मी! बायकोला बोललो, जोशीबुवांना बोललो, त्या मंडळींना चार पानी पत्र लिहून त्यांच्या सात पिढ्यांचं अज्ञान काढलं. मग तिसऱ्या दिवशी सातवा अध्याय उघडला, तर आत खुणेला कुसुमची जुनी पत्रिका. तिच्यात मंगळ नव्हताच. वर नाव मुलीचं घालून खाली मी कुंडली राणीची उतरवली होती.

मिळेल त्या मोटारीने देवळी गाठली. मुलाचे वडील भला माणूस. माझं पत्र वाचूनही त्यांनी मला पाणी विचारलं. मी झाला प्रकार सांगितला आणि खरी पत्रिका पुढे केली. त्यांनी ती पालथी घातली, वर हात ठेवला.

"गुरुजी, एका पोरीच्या दोन पत्रिका. मी कोनती खरी मानू? न पाहता सांगा, पोरीचा जन्म कवाचा?"

एवढंच ना? मी ताठ बसून सांगितलं. वैशाख शुद्ध सप्तमी, पुष्य नक्षत्र, सूर्योदयाची वेळ.

त्यांनी पत्रिका सुलटी करून वाचली. मग मी पाठवलेली नक्कल काढली आणि तिच्यातल्या जन्मतिथीवर बोट ठेवलं.

"हे तं मंगळवालीच झाली, गुरुजी."

दोन्ही पत्रिका खिशात घालून मी परतीची मोटार धरली. घरी येऊन सगळं सांगितलं. कुसुम रडेल, भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, तुमच्या राणीचं लगन कितव्या वर्षी झालं?"

"नवव्या," मी लगेच सांगितलं.

"अन् मले आता कितवं चालू आहे?"

मी तिच्या आईकडे पाहिलं.