तळाशी राखलेलं

विश्वासराव खांबेटे चंडीगडला लागून असलेल्या पंचकुल्यातल्या एका गॅस कंपनीत हिशेब बघत. मुलगा राजस द्रवरूप गॅस वाहणाऱ्या जहाजावर इंजिनिअर. "आमचं घरच गॅसवर चालतं," असं लीनाबाई हसून सांगत.

राजसने एकदा आईला समजावलं होतं, "टाक्या आम्ही पूर्ण रिकाम्या करत नाही. थोडा गॅस तळाशी ठेवतो. टाकी थंड राहिली तरच पुढचा माल भरता येतो."

"म्हणजे विरजणच की रे! माझं बघ, बदली झाली तेव्हा साताऱ्याहून डब्यातून आणलेलं. चंडीगडच्या थंडीतही मोडू दिलं नाही."

या हिवाळ्यात डॉक्टरांनी आशा सोडून लीनाबाईंना घरी पाठवलं. जहाज तेव्हा अमेरिकेहून गुजरातेतल्या दहेज बंदराकडे निघालं होतं. "दहेजला उतरलो की थेट घरी, आई. पक्का!" राजस फोनवर म्हणाला. मग त्या पडल्यापडल्या विचारत, "कुठवर आलं हो?" विश्वासराव मोबाइलच्या नकाशावर जहाजाचा ठिपका दाखवत.

एका सकाळी ठिपका उलटा फिरला. युरोपात भाव चढले होते. माल भर समुद्रातच दुसऱ्याला विकला गेला. भाव असेल तिकडे माल जातो, हे विश्वासरावांनी ऑफिसातल्या कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं.

"कुठवर आलं?"

"आलंच," म्हणत त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

"मग दही लावा. घट्ट लागतं त्याला. दूध कोमट हवं, बोट बुडवून बघा. अहो, थर्मामीटर कसला शोधताय?"

त्याच आठवड्यात लीनाबाई गेल्या. महाराष्ट्र मंडळातल्या मीनाक्षीताई धावून आल्या. रीतीप्रमाणे त्यांनी घरातलं अन्न टाकून दिलं, भांडी घासून पालथी घातली. दह्याचं भांडंही. विश्वासरावांना ते दुसऱ्या दिवशी ओट्यावर लख्ख दिसलं.

राजस पोचला तेव्हा तेरावा होऊन गेला होता. विश्वासरावांनी शेजारच्या कौर आंटींकडून चमचाभर विरजण आणून दही लावलं होतं. दूध बोट बुडवूनच पाहिलं होतं. राजसने एक घास घेतला आणि थांबला.

"बाबा, हे आईचं नाही ना?"

"नाही रे."

मग राजसने विचारलं, "जहाज वळलं, ते तिला कळलं होतं?"

"नाही. ती विचारायची, कुठवर आलं." विश्वासरावांनी वाटी त्याच्यापुढे सरकवली. "मी म्हणायचो, आलंच."