दीक्षाने मोजलेलं पाइनचं रान

दीक्षा गायकवाड इंग्लंडमधल्या रीडिंग गावी जन्मली, एडिनबराला वनस्पतिशास्त्र शिकली आणि तिथेच राहिली. वीस वर्षं तिचं काम एकच होतं. कुठे काही बांधायचं असलं की त्या जमिनीवर आधी काय उगवतंय ते मोजायचं. गुडघे टेकून एक मीटरची चौकट मांडायची आणि आतला प्रत्येक नेचा, प्रत्येक शेवाळ लिहून काढायचं.

गेल्या जूनमध्ये तिच्या सर्वेक्षण कंपनीने तिला स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या एका डोंगरावर पाठवलं. तिथल्या जुन्या पाइनच्या रानातून जमिनीच्या मालकाला हॉलिडे लॉजेससाठी रस्ता न्यायचा होता. लांबून सगळे नुसते पाइनच दिसत. दीक्षाने बारा चौकटी मांडल्या. सावलीत ब्लेबेरी आणि हेदरची झुडपं, नाना तऱ्हेची शेवाळं, खोडांवर दगडफूल. आणि एका उतारावर ट्विनफ्लॉवर, एका देठाला दोन गुलाबी घंटा, नखाहून लहान. हे फूल आता फार थोड्या रानांत उरलंय. तिने नकाशावर त्या जागेभोवती लाल गोल काढला आणि मॅनेजर राकेशला पाठवला.

सप्टेंबरमध्ये रिपोर्ट छापून आला. 'वनस्पतींची विविधता कमी.' बारापैकी तीनच चौकटी घेतल्या होत्या, तिन्ही ट्रकांनी तुडवलेल्या वाटेच्या कडेच्या. खाली तिची सही. घासात केस यावा तसं तिला झालं. तिने फोन लावला.

"राकेश, बाकीच्या नऊ चौकटी कुठे गेल्या?"

"अगं, रिप्रेझेंटेटिव्ह सॅम्पल घेतलंय. क्लायंट हॅपी आहे. लेट इट गो."

"आणि ट्विनफ्लॉवर?"

"कुठलं ट्विनफ्लॉवर?" म्हणत तो हसला.

ते हसणं तिच्या डोक्यातून जाईना. शनिवारी पहिल्या ट्रेनने ती निघाली आणि दुपारी डोंगर चढली. आजूबाजूचं रान जसंच्या तसं होतं. खरवडला होता तो फक्त तिने नकाशावर लाल गोल काढलेला तुकडा. डिगरने मातीसकट उलथून टाकलेली मुळं, त्यांच्यावर कुणाचे तरी जेवणाचे डबे, सॉसने बरबटलेले वाइप्स आणि वर माश्या. डिगरला वाट तिच्याच नकाशाने दाखवली होती. ती पाइनला धरून ओकली. मग तोंड पुसून तिने फोटो काढले.

परतीच्या ट्रेनमधून तिने आईला, चंदाबाईंना, फोनवर सगळं सांगितलं. चंदाबाईंनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढलेली.

"कागदावर सही कोणाची?"

"माझी."

"मग काढून घे. चारचौघांत."

दीक्षाने नोकरी सोडली आणि रस्त्याच्या परवानगीसाठी कौन्सिलने ठेवलेल्या सुनावणीत बाराही चौकटी, तारखा आणि फोटोंसकट, मोठ्याने वाचून दाखवल्या. राकेश मान खाली घालून फोन चाळत बसला. बाहेर आल्यावर मात्र त्याने हात पुढे केला. "नो हार्ड फीलिंग्ज, हं?" त्या हाताकडे बघून तिला शिसारी आली. दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून ती चालू लागली.

रस्त्याला परवानगी मिळाली नाही. उतारावरच्या खोदकामाबद्दल "ड्रेनेज तपासत होतो," एवढंच मालकाने लिहून दिलं.

यंदा जूनमध्ये ती पुन्हा त्या उतारावर गेली. तिथे गवत माजलं होतं, ट्विनफ्लॉवरचं एक पानही नव्हतं. त्याच आठवड्यात तिच्या जुन्या ऑफिसातल्या तनयाने कळवलं की राकेशला प्रमोशन मिळालंय. आता तो 'हेड ऑफ नेचर' आहे.

"शी!" दीक्षा म्हणाली, आणि तिने मेसेज डिलीट केला.