लाखाचा स्वल्पविराम

ज्या नोकरीसाठी मी त्या सकाळी पडेगावला निघाले होते, तिचे वर्णन कोणाला फारसे आकर्षक वाटले नसते. दौलताबाद रस्त्यावरची एक मराठी शाळा, सातवीचे गणित आणि सकाळचे सत्र. मला मात्र त्यातले शेवटचे दोन शब्द हवे होते. सकाळचे सत्र म्हणजे मोकळी दुपार, आणि मोकळी दुपार म्हणजे विद्यापीठातली प्रयोगशाळा. तिथे पदार्थविज्ञानातल्या संशोधनासाठी माझी निवड नुकतीच झाली होती. विद्यावेतन नव्हते. शहरातल्या माझ्या पुंडलिकनगरमधल्या खोलीचे भाडे वडील दिवाळीपर्यंत भरणार होते. तोवर नोकरी लागली नाही तर गावी, पिशोरला परतायचे, असे आमच्यात ठरले होते. ठरले होते म्हणजे ते बोलले होते आणि मी गप्प बसले होते. पिशोरला आमची अद्रकाची शेती आहे, मोठा बाजार आहे, माणसांचा गोतावळा आहे. प्रयोगशाळा नाही.

निघताना आईचा फोन आला. तिने एकच सूचना केली.

“दमानं बोल. तू बोलाय लागली की समोरच्याला धाप लागती.”

शाळेने नमुना पाठ घ्यायला सांगितले होते. विषय उमेदवाराने निवडायचा होता. मी विभाज्यतेच्या कसोट्या निवडल्या, आणि त्यातही सातची. तीन, नऊ, अकरा यांच्या कसोट्या कोणीही शिकवेल. सातपाशी आले की बहुतेक जण ‘सरळ भागून पाहा’ म्हणून पुढे सरकतात. मोठ्या संख्यांसाठी सातची एक सुंदर कसोटी आहे. तिचे मूळ इतके साधे आहे की ते बाराव्या वर्षीच कळायला हवे, असे माझे मत होते. बाकीच्यांपेक्षा माझा पाठ वेगळा ठरावा हा हिशेबही त्यात होता, हे उघड आहे.

वर्गात मागच्या बाकावर दोघे बसले होते: शाळेच्या मुख्याध्यापिका आणि संस्थेचे सचिव. मुख्याध्यापिका टिपणे घेत होत्या. सचिवांनी पाय लांब करून हाताची घडी घातली होती.

मी मुलांकडून सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार करवून घेतला. एक हजार एक. “म्हणजे हजारात अजून एक मिळवला की सातने पूर्ण भाग जातो. हजार हा एकाने अपुरा आहे. म्हणून प्रत्येक हजारामागे एक वजा करायचा.” मग फळ्यावर ३४०३४ लिहिले. शेवटचे तीन अंक चौतीस, हजारांचा गटही चौतीस. वजाबाकी शून्य, म्हणजे भाग जातो. मुले खूश झाली. आणखी दोन पाच-अंकी संख्या झाल्या. सगळे सुरळीत चालले होते. मी सांगितले, की संख्या याहून मोठी असेल तर गट पुढे वाढवायचे: हजारांचा गट वजा, त्याच्या पुढचा गट मिळवायचा, त्याच्या पुढचा पुन्हा वजा. आणि फळ्यावर नवी संख्या लिहिली: २३४५६७९.

“आठ कुठं गेला, मॅडम?” मधल्या रांगेतून एकाने विचारले.

“रजेवर.”

“अर्ज दिला का त्यानं?”

वर्ग हसला. सचिवही हसले. मी पहिल्या बाकावरच्या मुलीला फळ्यापाशी बोलावले. तिने खडू घेतला आणि सवयीने, विचारही न करता, संख्येत दोन स्वल्पविराम घातले: २३,४५,६७९. मग स्वच्छ अक्षरात लिहिले, सहाशे एकोणऐंशीतून पंचेचाळीस वजा, त्यात तेवीस मिळवले. उत्तर सहाशे सत्तावन्न. तिने सातने भागून पाहिले.

“सहा उरले. नाय जात, मॅडम.”

“जातो की!” खिडकीजवळचा मुलगा उभा राहिला. त्याने कसोटीवर विश्वास न ठेवता थेट भागाकार केला होता. “तीन लाख पस्तीस हजार सत्त्याण्णव. बाकी शून्य!”

सचिवांनी पाय आत घेतले. “मग आता खरं कोण, मॅडम? नियम का भागाकार? आमच्यासमोरच फसला की तुमचा नियम.”

मी फळ्याकडे पाहिले. चूक कुठे होती ते लगेच दिसले, आणि ती आतापर्यंत का लपून राहिली तेही. कसोटीला तीन-तीन अंकांचे गट लागतात. आपण मात्र उजवीकडच्या तीन अंकांनंतर दोन-दोनाने तोडतो: हजार, लाख, कोटी. पाच अंकांपर्यंत दोन्ही रीती जुळतात. सहाव्या अंकापासून त्या वेगळ्या होतात. माझी सगळी उदाहरणे पाच अंकी होती. गेली पाच वर्षे मी इंग्रजी पुस्तकांतून संख्या तीन-तीनानेच वाचत आले होते, त्यामुळे ‘हजारांचा गट’ म्हणताना तीन अंक वेगळे सांगावे लागतात हे मला सुचलेच नव्हते.

उपाय सोपा होता. मी डस्टर उचलले. “इथे स्वल्पविराम नको. हजारांचा गट तीनशे पंचेचाळीस.”

मुलगी फळ्यापासून हलली नाही. “पण मॅडम, हजार तर पंचेचाळीसच हायेत. तीनशे पंचेचाळीस हजार असं कोण म्हणतं?”

“आमच्या घरी तर कुणीच नाय म्हणत,” मागून कोणीतरी दुजोरा दिला.

डस्टर माझ्या हातात होते. पुसून टाकणे बिनचूक ठरले असते, आणि सुरक्षितही. पण तिचा आक्षेप योग्य होता. तिच्या कानाला ऐकू येणारी संख्या तेवीस लाख पंचेचाळीस हजार होती, आणि ती तशीच राहून सातची कसोटी का लागू नये, याला काही कारण दिसत नव्हते. मी ते कधी करून पाहिले नव्हते. दिवाळी जवळ आली होती. सचिव माझ्याकडे पाहत होते. मी डस्टर खाली ठेवले.

“बरं. स्वल्पविराम राहू दे. हजार एकाने अपुरा आहे हे आपल्याला माहीत आहे. मग लाख कितीने अपुरा आहे? सगळ्यांनी एक लाखाला सातने भागा.”

तीसेक माना खाली गेल्या. खिडकीजवळचा मुलगा अर्थातच पहिला.

“चौदा हजार दोनशे पंच्याऐंशी. पाच उरले.”

“पाच उरले. अजून किती असते तर पूर्ण भाग गेला असता?”

“दोन!”

“मग प्रत्येक लाखामागे काय करायचं?”

मग फळ्याजवळची मुलगी, माझ्याकडे न पाहता, खडूकडे पाहत म्हणाली, “दोन वजा. हजार एकदा वजा, लाख दोनदा वजा.”

“करून बघ.”

सहाशे एकोणऐंशीतून पंचेचाळीस गेले. मग तेवीसची दुप्पट सेहेचाळीस गेली. पाचशे अठ्ठ्याऐंशी. वर्ग तिच्याबरोबर मोठ्याने म्हणू लागला, “सात आठे छप्पन्न, सात चोक अठ्ठावीस!”

“जातो!” ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन पाहून गेल्या.

सचिव उभे राहिले. “तुमच्या संख्या तुम्ही घरून ठरवून आणलेल्या. मी देतो एक. लिही गं: एक्केचाळीस लाख आठ हजार तीनशे पंधरा.”

नियम बरोबर होता, पण मुले घाईत वजाबाकी चुकू शकत होती. ती चुकली नाहीत. आठ गेले, ब्याऐंशी गेले, दोनशे पंचवीस राहिले.

“दोनशे चोवीसला जातो, सर. एक उरतो.”

सचिवांनी मोबाइलवर भागाकार केला. “इथं तर उरलंय पॉइंट एक चार दोन आठ पाच... लांबच लांब शेपूट.”

“एक सप्तमांश,” मुख्याध्यापिका पहिल्यांदाच बोलल्या. “म्हणजे बाकी एकच.”

“मॅडम!” खिडकीजवळचा मुलगा पुन्हा उभा. “चौदा दोनशे पंच्याऐंशी! हे तर आत्ताच लाखात आलतं. परत तेच कसं काय आलं?”

घंटा झाली.

“पुढच्या तासाला सांगते,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता लक्षात आले, की पुढचा तास माझा असेल की नाही, हेच अजून ठरलेले नव्हते.

बाहेर व्हरांड्यात उरलेले उमेदवार आपापली पाळी येईपर्यंत बसले होते. मला मुख्याध्यापिकांच्या खोलीत नेले. सचिवांनी आपले म्हणणे सरळ मांडले.

“हुशार आहात, नाय म्हणत नाही. पण पुस्तकात नाही ते शिकवलंत, आणि तेही जागेवर जुळवलेलं. उद्या पालक येऊन विचारतील, ही कुठली पद्धत?”

“त्यांना एक लाख सातने भागून पाहायला सांगेन,” मी म्हणाले. आईची सूचना आठवून हे वाक्य सावकाश म्हटले. “वर्गाने तेच केलं. मी फक्त प्रश्न विचारला.”

त्यांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिले. त्यांनी टिपणांची वही मिटली. मला बाहेर थांबायला सांगण्यात आले. सगळे पाठ संपेपर्यंत मी चिंचेखालच्या पारावर बसून होते. पिशोरला परत जाणारी गाडी कोणती, तिथून विद्यापीठात येणे अधूनमधून तरी जमेल का, असले हिशेब मनात चालू होते, आणि प्रत्येकाचे उत्तर नकारार्थी येत होते.

शेवटी मुख्याध्यापिका स्वतःच बाहेर आल्या.

“त्या पोराचा प्रश्न अर्धवट राहिलाय,” त्या म्हणाल्या. “चौदा दोनशे पंच्याऐंशीचा. तो काही आता दुसऱ्या कुणाला ऐकणार नाही. सोमवारी येऊन पूर्ण करा.”

“सोमवारी,” मी म्हणाले.

“सकाळी सातला प्रार्थना असते. रोज वेळेवर या.”

फाटकाबाहेर येऊन मी आधी एका दुकानाच्या कट्ट्यावर बसले. मग घरी फोन लावला.

“लागली,” मी म्हणाले.

पलीकडे आईने फोन बाजूला धरून हाक मारली. “अहो, ऐकलं का? लागली तिला!”

वडिलांचा आवाज लांबून, बहुधा अंगणातून आला.

“सकाळची का दुपारची, विचार.”

त्या दोन वेळांमधला फरक मी त्यांना एकदाच सांगितला होता, आणि तेव्हा ते ऐकत आहेत असे मला वाटले नव्हते.

“सकाळची,” मी म्हणाले.

“मग झालं,” ते म्हणाले. “खोली ठेव.”